शनी बघण्याचा विधी

मुहूर्त आधी. शनी सूर्याच्या बरोबर समोर येतो, तो काळ उत्तम. ही तारीख दर वर्षी साधारण तेरा दिवस पुढं सरकते. २०२५ मध्ये ती २१ सप्टेंबरला होती, म्हणजे ढगाआड. २०२६ मध्ये ४ ऑक्टोबर. आशा धरायला हरकत नाही.

सातारकरानं यवतेश्वरचा घाट चढावा. वर अंधार चांगला, वारा त्याहून जोरकस, तेव्हा तिपाई धरायला एक मेव्हणा न्यावा. सांगलीकरानं दंडोबाला जायचं ठरवावं आणि शेवटी गच्चीवरच मांडावं. शहरातल्या दिव्यांचा शनीला त्रास नाही. त्रास दिवसभर तापलेल्या स्लॅबचा. त्या उष्म्यानं शनी उकळत्या आमटीतल्या आमसुलासारखा हलतो. रात्री दहानंतर बसावं. डासांची सोय आपापली.

६० मिलिमीटरच्या भिंगातून पन्नास पट मोठं केलं की कडं दिसतं. खोक्यावर '६७५ पट' छापलेलं असतं. ते 'घ्या ताई, साखर आहे साखर' इतपतच खरं मानावं.

पाहुण्यांना एकच नियम सांगावा: नळीला हात लावायचा नाही. पहिला पाहुणा नळीच धरतो. न धरली तरी पृथ्वी फिरतेच, त्यामुळे शनी मिनिटा-दोन मिनिटांत निसटतो आणि 'कुठाय? काही दिसत नाही' सुरू होतं. 'आत चित्र चिकटवलंय का हो?' असं कुणी विचारलं तर रागावू नये. यापेक्षा मोठी दाद नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये मला ती मिळाली नाही. अख्ख्या जिन्याला कडं दाखवायचं कबूल करून बसलो आणि कडं नेमकं आपल्याकडं धार करून उभं! कंदी पेढ्यात टोचलेली काडी. गॅलिलिओला १६१० मध्ये शनीच्या दोन्ही बाजूंना गोळे दिसले आणि १६१२ मध्ये ते गायब झाले. तोही चक्रावला, पण त्याला दूध आणायला जाताना 'सापडलं का कडं?' असं कुणी विचारत नव्हतं. आता कडं पुन्हा उघडतंय. २०३२ पर्यंत पुरतं उघडेल. शेजाऱ्यांना तेवढं थांबवावं.

सर्वांत अवघड पाहुणी म्हणजे आजी. शनीनं पाहिलं म्हणून गणपतीचं मस्तक गेलं, ही कथा तिला पाठ, आणि सांगली पडली गणपतीची. तिला सांगावं, तिथला उजेड इथं यायला सत्तर मिनिटं लागतात, नजरेलाही लागत असतील. आमच्या आजीनं आधी बोटांच्या फटीतून पाहिलं, मग चष्मा काढून.

"अगंबाई, एवढुसाच? आणि साडेसात वर्षं छळतो?"

नंतर ती स्टुलावरून उठेना. मागं रांग जिन्यापर्यंत.