मानाची खुर्ची

वऱ्हाडात हळू बोलणाऱ्या माणसाचा लोकांना संशय येतो. एक तर तो आजारी असावा, नाहीतर उसने पैसे मागायला आला असावा. बाकी सगळे मोकळ्या गळ्यानं बोलतात. अकोल्याच्या टिळक रोडवर पलीकडच्या बाजूनं "काबे, कुठी चालला?" अशी आरोळी आली तर ती भांडणाची नसते, जिव्हाळ्याची असते. उत्तर देणाराही रस्ता ओलांडायची तसदी घेत नाही. कुठे चाललोय, कशासाठी चाललोय आणि घरात कुणाचं पोट बिघडलंय, हे सगळं तो अलीकडूनच सांगून टाकतो. तेवढ्या टापूतल्या दुकानदारांनाही मग वेगळं विचारावं लागत नाही.

या सढळ आवाजाचा खरा गुरू कूलर आहे, असं माझं मत आहे. एप्रिलमध्ये पारा पंचेचाळिशीकडे सरकला की अमरावती-अकोल्यात खिडक्याखिडक्यांत पत्र्याचे कूलर बसतात. नव्या ताट्या लागतात, गेल्या वर्षीचा पंप दोन शिव्या खाऊन सुरू होतो, आणि मृग लागेपर्यंत घरात खालच्या पट्टीत बोललेलं कुणापर्यंत पोचत नाही. नवरा-बायकोंची नाजूक बोलणीसुद्धा शेजाऱ्यांना कळतील अशा बेतानंच करावी लागतात. कूलरनं कान जात नाहीत, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. पण कूलरवर मात करायला टीव्ही चढतो, टीव्हीवर मात करायला आजी चढते, आणि आजीवर मात करायची कुणाची छाती नसल्यामुळे प्रकरण तिथं थांबतं. पुढे पाऊस येतो, कूलर बंद होतो, खिडकीतून गार वारा येतो. टीव्हीचा आकडा मात्र उन्हाळ्यात होता तिथंच असतो.

घरात कुणाचे तरी कान मंदावलेत, याचा पहिला पुरावा हा आकडाच. ज्याचे मंदावलेत त्याला त्याची वार्ताही नसते. त्याला फक्त वाटतं, हल्लीची पोरं तोंडातल्या तोंडात बोलतात. आवाजाच्या माऱ्यानं किंवा वयानं कान जायला लागतात तेव्हा आधी बारीक, उंच स्वर जातात. स, श, फ, थ ही मंडळी निघून जातात; आ, ई, ऊ शेवटपर्यंत साथ देतात. त्यामुळे कुणीतरी बोललं हे कळतं, काय बोललं ते कळत नाही. आमच्या मामांना कुणी विचारलं, "सून आली का मामा?" तर मामा म्हणतात, "ऊन तं तपनारच ना बापा, मे लागला!" मामांच्या मते ते अचूक उत्तर देतात. फक्त प्रश्न विचारणाऱ्याला काही धरबंध नसतो.

आतल्या कानात ऐकण्याच्या बारीक केशपेशी असतात, एका कानात साधारण पंधरा हजार. वाऱ्यानं लोळलेली ज्वारी एक-दोन दिवसांत पुन्हा उभी राहते, पण रोज त्याच पट्ट्यातून गुरं गेली तर तिथं पीक राहत नाही. या पेशींचंही तसंच. मिरवणुकीच्या रात्री कानात कुंईऽऽ वाजतं आणि सकाळी बरं वाटतं, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण रोज तेच झालं तर पेशी मरतात, आणि माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. कोंबडीच्या कानात उगवतात! हे शास्त्रज्ञांना 1980 च्या दशकात कळलं. देवानं ही सोय नेमकी तिला दिली, आणि आपण तिला रस्स्यात टाकून डीजेसमोर नाचायला जातो.

आवाजाचा हिशोब सावकारी व्याजाहून कडक आहे. कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेच्या शिफारशीप्रमाणे 85 डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास चालतो. पुढे दर तीन डेसिबलला मुदत निम्मी. 88 ला चार तास, 91 ला दोन, 94 ला एक, आणि 100 ला फक्त पंधरा मिनिटं. डीजेच्या पेट्यांसमोर शंभरी सहज ओलांडली जाते, म्हणजे नवरदेव घोड्यावर नीट बसेपर्यंत आपला दिवसभराचा कोटा संपलेला असतो. मोजायचं यंत्र लागत नाही. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागलं की समजावं, मीटर फिरायला लागलं.

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्यात कावड येते. गांधीग्रामला पूर्णेचं पाणी भरायचं आणि सुमारे 18 किलोमीटर चालत राजराजेश्वराला वाहायचं. ही परंपरा मला मनापासून आवडते. खांद्यावरचे भरणे, घामाघूम पोरं, "हर्र बोला महादेव" हा गजर, यात न आवडण्यासारखं काय आहे? पण एकामागोमाग येणाऱ्या साउंडच्या भिंतींचं या परंपरेत नेमकं काम काय, हे मला उमगलेलं नाही. पाणी खांद्यावरून येतं, पेट्यांतून नाही. महादेवाला ऐकू कमी येतं असंही कुठल्या पुराणात वाचलेलं नाही. आणि ज्यानं रात्रभर खांदा दिला, त्याच्याच कानाजवळ ती पेटी असते.

आम्ही कापसाच्या मुलखातली माणसं, त्यामुळे उपायही घरचाच करतो. गाठोड्यातला कापूस तोडायचा, बोळा करायचा, कानात खुपसायचा. पांढऱ्या सोन्याचा अपमान करायचा नाही, पण त्यानं आवाज फारसा अडत नाही. मेडिकलमध्ये फोमचे इअरप्लग स्वस्तात मिळतात. ते बोटांत वळून बारीक करायचे, कान वर ओढून आत सारायचे आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचे. ज्या जिनांत या कापसाची सरकी काढली जाते तिथल्या कामगारांना, थ्रेशर चालवणाऱ्यांना त्यांची गरज वरातीतल्या पाहुण्यांपेक्षा कितीतरी जास्त आहे. त्यांच्या कानांवर मात्र बहुतेक वेळा दुपट्टाच बांधलेला दिसतो. राहिलं लसणाचं कोमट तेल, काडेपेटीची काडी आणि स्कूटरची किल्ली. यांना कानाचा डॉक्टर पाहतो तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो.

आमच्या लोकांना शांत बसता येत नाही, असं म्हणणाऱ्यांनी मोझरीला जावं. खंजिरीवर गावंच्या गावं जागवणाऱ्या तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी लाखांचा जमाव मौन पाळतो. मनात आणलं तर जमतं. मनात आणायला मुहूर्त लागतो, एवढंच.

लग्नात मात्र तो मुहूर्त सापडत नाही, कारण तिथं अडचण आवाजाची नाही, मानाची आहे. सगळ्यात मानाच्या पाहुण्याला सगळ्यात पुढे बसवतात, आणि सगळ्यात पुढे पेट्या असतात. ज्याची पत कमी तो आपला मागे, सुरक्षित. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण सहा डेसिबलनं उतरतो, म्हणजे बसायची मुदत चौपट. पाच पावलांवर पंधरा मिनिटं असतील तर दहावर एक तास आणि वीसवर चार तास. वऱ्हाडातलं लग्न लागायला तेवढा वेळ पुरतो.

मागे दर्यापूरकडच्या एका लग्नात मी हा हिशोब मनाशी करून वीस पावलं मागे जाऊन बसलो. तिथं तीन म्हातारे व्याही आधीच होते. शेजारी चुलीवर वांग्याची भाजी रटरटत होती. यजमान धावत आले. "भाऊ, समोर सोफा ठेवला ना तुमच्यासाठी! मांगं कायले बसले?" मी म्हणालो, "आवाज फार आहे, इथंच बरं." डीजेमुळे त्यांना काय ऐकू गेलं कोण जाणे. त्यांनी समजल्यासारखी मान डोलावली आणि गेले. थोड्या वेळानं चार पोरं तो लाल मखमली सोफा उचलून मागे घेऊन आली. आम्ही चौघं त्यावर दाटीनं बसलो, आणि भाजीची पहिली वाटी मानाप्रमाणे आमच्याकडेच आली.