यष्टी कधी यायची?

मागच्या वर्षी महालक्ष्म्यांच्या सणाला घर पाहुण्यांनी भरलं होतं. हिंगोलीकडच्या आमच्या शिरड शहापुरात सणाच्या दिवशी जेवणं उरकायला रात्रीचे साडेदहा वाजतात. मग लेकी-सुना, पोरंबाळं, म्हातारी माणसं सगळी एकाच खोलीत टीव्हीसमोर. पहिल्या रात्री 'नवरा माझा नवसाचा' लावला. शेजारच्या आजी भिंतीला टेकून वाती वळत बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढं. अशोक सराफ यांचा कंडक्टर पडद्यावर आला आणि आजींचा हात थांबला. मांडीवरचा कापूस शेवटपर्यंत मांडीवरच राहिला. सिनेमा संपला तेव्हा ताटलीत मोजून अकरा वाती होत्या.

दुसऱ्या रात्री दुसरा भाग लावला. अर्ध्या तासानं आजींनी विचारलं, "यष्टी कधी यायची रं?"

"आजी, ह्याच्यात यष्टी नाही. रेल्वे आहे."

"बरं," म्हणाल्या आणि कापूस पुढं ओढला. सिनेमा संपायच्या आत वातींचा डबा भरला.

कुणी किती तारे दिले ते वाचायची मला मग गरज वाटली नाही. कारण मात्र डोक्यातून जाईना. दिग्दर्शक तेच, सचिन पिळगावकर. सुप्रिया त्याच, अशोक सराफ तेच, गणपतीपुळेही तेच. मग पहिल्या रात्री खोली हसत होती आणि दुसऱ्या रात्री पोरं मोबाईल चार्जिंगला लावायच्या निमित्तानं उठत होती, असं का?

पहिला भाग २००४ चा, दुसरा २० सप्टेंबर २०२४ चा. वीस वर्षांचं अंतर. काळ बदलला, प्रेक्षक बदलला, विनोद शिळा झाला, हे उत्तर सगळ्यांच्या तोंडावर तयार असतं. मला ते पटत नाही. विनोद शिळा झाला असता तर आधी २००४ चाच सिनेमा पडला असता. त्याला तर दहा वर्षांची पोरंही हसत होती, जी तेव्हा जन्मालाही आली नव्हती.

माझं म्हणणं सरळ आहे. आपले चांगले विनोदी सिनेमे अडचणीवर उभे असतात. दहा-वीस वर्षांनी दुसरा भाग काढताना चेहरे परत आणतात, गाणी परत आणतात, गाजलेली वाक्यं परत आणतात. अडचण तेवढी मागं राहते.

'अशी ही बनवाबनवी' घ्या. १९८८ चा, वसंत सबनीसांनी लिहिलेला, दिग्दर्शन सचिन यांचंच. चार पोरांना पुण्यात राहायला जागा नाही. लीलाबाई काळभोर जागा देणार ती फक्त जोडप्यांना. म्हणून दोघं साड्या नेसतात. पुढचं सगळं हसू त्या एका छपरासाठी आहे. ज्यानं नांदेडला नाहीतर पुण्याला कॉट बेसिसवर राहून शिक्षण केलं, ज्याला घरमालकानं 'बॅचलर नको' म्हणून फाटकातूनच परत पाठवलं, त्याला साडी नेसलेला लक्ष्या परका वाटत नाही. त्या सिनेमाचा दुसरा भाग निघाला नाही आणि यापुढं तो निघू नये अशी माझी मनापासून इच्छा आहे. चौघांतले सिद्धार्थ रे आणि लक्ष्या, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे, दोघंही २००४ साली गेले. ती चौकडी पुन्हा उभी राहणार नाही.

आता २००८ चा 'दे धक्का'. अमेरिकेतल्या 'लिटल मिस सनशाइन'वरून घेतलेला, हे खरं. पण आपल्या मातीत नीट लावलेला. लेकीला मुंबईला नाचाच्या स्पर्धेला न्यायचं आहे आणि गाडी अशी की उतरून ढकलल्याशिवाय चालू होत नाही. मकरंद अनासपुरे यांची आपली मराठवाडी बोली, शिवाजी साटम यांचा हट्टी म्हातारा, सिद्धार्थ जाधव यांची धांदल. हे सगळं बाजूला ठेवा आणि फक्त तो धक्का पाहा. आमच्या भागात काळी-पिवळीला धक्का दिला नाही असा माणूस सापडायचा नाही. उन्हात पत्रा तापलेला असतो, हात टेकवला की चटका बसतो. ड्रायव्हर खिडकीतून मान बाहेर काढून 'अजून जोरात' म्हणून ओरडतो. बाईमाणसं उतरून पिशव्या सांभाळत कडेनं चालतात. इंजिन धरतं, काळ्या धुराचा लोट तोंडावर येतो आणि काळवंडलेली सगळी तोंडं एकमेकांकडं बघून हसतात. आता पोचणार, ही खात्री झालेली असते, म्हणून ते हसू येतं. 'दे धक्का'मध्ये ते हसू जसंच्या तसं उतरलं होतं.

चौदा वर्षांनी, ऑगस्ट २०२२ मध्ये 'दे धक्का २' आला आणि तेच कुटुंब लंडनला गेलं. लंडन! ज्या कुटुंबाची मुंबईपर्यंत पोचायची मारामार होती, ते विमानानं समुद्रापार उतरलं म्हटल्यावर त्याची काळजी कुणी करायची? रस्ते गुळगुळीत, इमारती देखण्या. गाडी ढकलायला ज्या माणसांचे हात लागायचे, ती माणसं आता पर्यटकांसारखी दिसतात. नटांनी जीव तोडून काम केलं, त्यात खोट काढायची नाही. पण धक्का द्यायला कारणच उरलं नाही, तर गाडी चालणार कशावर?

निर्माते याला 'भव्य' म्हणतात. पहिल्या भागाला एक गाव होतं म्हणून दुसऱ्याला एक देश हवा, पहिल्याला एक मोटार होती म्हणून दुसऱ्याला विमान. विनोदाला भव्यपणा मानवत नाही. त्याला दाटी लागते. एका बाकावर तीन माणसं बसायची जागा असावी आणि चौथा 'सरका थोडं' म्हणून येऊन टेकावा, तिथून गंमत सुरू होते.

ही गोष्ट एका माणसाला बरोबर कळली होती. नीरज वोरा. 'हेरा फेरी' २००० सालचा, प्रियदर्शन यांचा. भाडं थकवणारे दोन भाडेकरू आणि बाबूराव गणपतराव आपटे नावाचा मराठी घरमालक. सिनेमाच्या शेवटी तिघांच्या हाती पैसा आला. सहा वर्षांनी वोरांनी 'फिर हेरा फेरी' केला तेव्हा तिघं बंगल्यात राहत होते. वोरांनी काय केलं? पैसे दुप्पट करून देणाऱ्या योजनेत त्यांना बुडवलं, बंगला काढून घेतला, वर कर्ज लादलं आणि चाळीत आणून बसवलं. मग हसू आलं. दुसरा भाग पहिल्याइतका नेटका नाही, आरडाओरडा जास्त आहे, तरी लोक तो आजही बघतात. कारण त्यात बाबूराव पुन्हा कंगाल आहे. तिसऱ्या भागाची नुसती चर्चाच वर्षानुवर्षं चालली. २०२५ मध्ये परेश रावल त्यातून बाहेर पडले आणि परत आले, एवढ्यावरही लोकांनी आठवडाभर वाद घातला. प्रेम केवढं आहे बघा.

परदेशातही हेच. एडी मर्फी यांच्या 'कमिंग टू अमेरिका'त (१९८८) राजपुत्र न्यूयॉर्कच्या खानावळीत फरशी पुसतो, त्यात सगळी मौज. तेहेतीस वर्षांनी, २०२१ मध्ये दुसरा भाग आला तो बराचसा राजवाड्यात घडतो. पोछा गेला, मौजही गेली.

'अगं बाई अरेच्चा!' (२००४) आणि 'अगं बाई अरेच्चा २' (२०१५) यांबद्दल फार लिहायचं कारण नाही. पहिल्यात चाळीत राहणाऱ्या संजय नार्वेकरला बायकांच्या मनातलं ऐकू येतं. दुसऱ्याची गोष्ट वेगळी, माणसं वेगळी, सारखं फक्त नाव. नावाची पाटी चालत होती म्हणून नव्या दुकानावर लावली.

'झपाटलेला'चं मात्र दुःख आहे, आणि ते दुःख मी सिनेमाचं मानत नाही, आपल्या घरातलं मानतो. महेश कोठारे यांचा १९९३ चा सिनेमा. रामदास पाध्ये यांचा बाहुला, दिलीप प्रभावळकर यांचा तात्या विंचू. रविवारी दुपारी दूरदर्शनवर तो लागला की गल्लीत शुकशुकाट व्हायचा. ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या दारात चपलांचा ढीग. रात्री अंगणात जायला पोरं घाबरायची. आता तो सिनेमा पुन्हा लावून नीट बघा. बाहुला तो बाहुलाच आहे, डोळे फिरवतो, तोंड हलवतो. भीती त्याच्याकडं बघून वाटत नाही, लक्ष्याच्या चेहऱ्याकडं बघून वाटते. लक्ष्या थरथरायचा म्हणून आपण घाबरायचो, आणि तो थरथरायचा म्हणूनच हसायचो. एकाच चेहऱ्यावर दोन्ही गोष्टी एकाच वेळी पेलणारा नट मला मराठीत दुसरा दिसलेला नाही.

१६ डिसेंबर २००४ ला लक्ष्मीकांत बेर्डे गेले. वय पन्नास. २०१३ मध्ये 'झपाटलेला २' आला, थ्रीडी. लक्ष्याच्या मुलाच्या भूमिकेत आदिनाथ कोठारे. चष्मा घातला की तात्या विंचू अंगावर यायचा. बाहुला पडद्याबाहेर आला खरा, पण त्याला घाबरणारा माणूस पडद्यावर उरला नव्हता. महेश कोठारे यांचा यात दोष नाही, त्यांनी तंत्र उत्तम वापरलं. पण काही माणसांची जागा तंत्रानं भरत नाही, हे ठाऊक असूनही दुसरा भाग काढला की प्रेक्षक घरी परततो तो गेलेल्या माणसाची आठवण काढत. आम्ही तसेच परतलो.

आता पुन्हा 'नवरा माझा नवसाचा'. पहिल्या भागातला नवस आठवा. बापानं बोललेला, पोरानं अंगावर कपडा न ठेवता गणपतीच्या दारी जायचं. नवऱ्याला लाज, बायकोचा हट्ट, आणि ही घरातली गोष्ट मिटवायला दोघं बसली कुठं, तर सगळ्या जगाच्या नजरेसमोर, एसटीत. लाज घरात असती तर सिनेमा झालाच नसता. एसटीत कुणाचं काही झाकून राहत नाही. मागच्या बाकावरची बाई तुमच्या डब्यात काय आहे ते वासावरून सांगते. कंडक्टरला सगळ्यांची गावं, भाडी आणि भांडणं पाठ असतात. त्या सिनेमाचा खरा नायक एसटी होती.

दुसऱ्या भागात कोकण रेल्वे. जावई आला, स्वप्नील जोशी. नवस नवा, प्रवास पुन्हा गणपतीपुळ्याचाच. दाटी आहे, माणसं आहेत, म्हणून तो 'दे धक्का २'सारखा कोसळत नाही. गर्दीही चांगली झाली. पहिल्याच दिवशी राष्ट्रीय चित्रपट दिन होता आणि बऱ्याच मल्टिप्लेक्सांत तिकीट ९९ रुपये. तिकीट परवडलं की मराठी माणूस मराठी सिनेमाला जातो, ही त्या दिवसाची मोठी गोष्ट, आणि ती सगळ्या निर्मात्यांनी लक्षात ठेवावी.

त्यात अशोक सराफ टीसी झाले आहेत. जन्म १९४७ चा, म्हणजे सिनेमा आला तेव्हा वय सत्याहत्तर. तरी डब्यात शिरतात ते टायमिंग शाबूत घेऊन. वाक्याच्या आधी अर्धा क्षण थांबायचं, नजर तिकिटावरून वर न्यायची आणि मग बोलायचं. वाती वळणाऱ्या आजींचा हात त्या रात्री थांबला तो दोन-तीनदाच, आणि प्रत्येक वेळी पडद्यावर हेच होते. पण रेल्वेचा टीसी येतो आणि जातो. एसटीचा कंडक्टर पहिल्या थांब्यापासून शेवटच्या थांब्यापर्यंत तुमच्याबरोबर असतो, घरच्या माणसासारखा. तिकिटांचा ट्रे काखेत घेऊन उभा असलेला तो माणूस टीसीच्या कोटात मावला नाही.

आणि मला खरी हळहळ याची वाटते की या वीस वर्षांत एसटीत केवढं घडलं! २०२१-२२ मध्ये कर्मचाऱ्यांचा कित्येक महिन्यांचा संप झाला. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास फुकट. मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं तिकीट. ट्रे आणि पंच गेले, मशीन आलं, पाठोपाठ मोबाईलनं पैसे भरणं आलं. आमच्या आजी आधार कार्ड पदराच्या गाठीत बांधून औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जातात. कंडक्टरला त्या दरवेळी नव्यानं वय सांगतात. एकाच सीटवर नवऱ्याचं पूर्ण तिकीट, बायकोचं अर्धं, सासूचं फुकट, आणि मोबाईलला रेंज नाही म्हणून पैसे अडकलेले. हा प्रसंग मी औंढा-वसमत रस्त्यावर डोळ्यांनी बघितला आहे. मागं सगळी गाडी हसत होती आणि कंडक्टरही. एवढं आयतं ताट वाढलेलं असताना सचिन यांनी एसटी सोडून रेल्वे धरली.

सचिनजी, तिसरा भाग करणार असाल तर आमच्याकडं या. नवसाला पावणारा गणपती हिंगोलीतही आहे, चिंतामणी. अनंत चतुर्दशीला त्याचा नवसाचा मोदक घ्यायला आदल्या रात्रीपासून रांगा लागतात, आणि इच्छा पुरी झालेली माणसं मोदक घेऊन परत येतात. त्या दिवशी हिंगोलीकडं जाणाऱ्या एसटीत पाय ठेवायला जागा नसते. कॅमेरा घेऊन त्या गाडीत चढा. अशोक सराफांना पुन्हा एकदा कंडक्टर करा. शिरड शहापूरच्या थांब्यावर गाडी थांबवा, आजी तिथून चढतील. त्यांचं तिकीट काढावं लागणार नाही.