नाव कोरलेलं पातेलं

डब्ल्यूपीएफच्या डेटाग्रिडमधलं सेलटेम्प्लेट हा फार ज्ञानी प्राणी आहे. त्याला मालाचं नाव माहीत, किंमत माहीत, पुरवठादार माहीत. आपण स्वतः कुठल्या रकान्यात उभे आहोत, एवढंच त्याला माहीत नसतं. अशी माणसं प्रत्येक कचेरीत एक-दोन असतात. इथे ती दर ओळीत असतात.

डब्ल्यूपीएफ २००६ साली डॉट नेट ३.० बरोबर आलं, तेव्हा त्यात डेटाग्रिड नव्हताच. तो आधी टूलकिटमधून आला आणि २०१० मध्ये डॉट नेट ४ बरोबर घरचा झाला. हिशेबाच्या स्क्रीन लिहिणाऱ्यांनी मधली वर्षं कशी काढली, ते त्यांना विचारू नये.

समजा, गोदामाचा तक्ता आहे. शिल्लक, मागणी, परत आलेला माल, तूट, सगळे आकडेच. क्लायंटचं म्हणणं इतकंच की आकडा उजवीकडे टेकलेला हवा, शून्याखाली गेला की लाल व्हावा आणि शेजारी एक छोटा बाण असावा. तुम्ही टेम्प्लेट कॉलम घेता, सेलटेम्प्लेटमध्ये ही सगळी नक्षी काढता आणि बाइंडिंग 'शिल्लक'ला जोडता. झकास दिसतं. मग तेच टेम्प्लेट 'मागणी'ला लावता, तर तिथंही शिल्लकच झळकते. कारण टेम्प्लेटच्या हाती त्या सेलचा आकडा येत नाही, अख्खी ओळ येते. तिच्यातलं काय उचलायचं ते आतच लिहून ठेवावं लागतं. लग्नात आहेर म्हणून आलेलं पातेलं असतं ना, तसं. बूड जाड, घाट सुरेख, पुढच्या लग्नात सहज खपलं असतं. पण काठावर देणाऱ्याचं नाव तारखेसकट कोरलेलं.

मग माणूस काय करतो? नक्कल करतो. आकड्याचं बाइंडिंग बदलतो, बाणाचं बदलतो, रंगाचं विसरतो. काही दिवसांनी टेस्टर विचारायला येते, "मागणी चांगली दोनशे आहे, मग ती लाल का?" लाल असते, कारण त्या मालाची शिल्लक उणे झालेली असते. मागणी बिचारी दुसऱ्याच्या लाजेनं लाल.

सुटका अवघड नाही. टेम्प्लेटमध्ये कुणाचंच नाव घालायचं नाही. बाइंडिंग रिकामं ठेवायचं, म्हणजे जे समोर येईल तेच दाखवायचं. मग प्रत्येक रकान्यात एक काँटेंटकंट्रोल ठेवून त्याला त्याचा त्याचा आकडा आणि हे सामायिक टेम्प्लेट द्यायचं. नक्षी एकाच जागी राहते, रंगही आपल्याच आकड्याकडे बघून ठरतो. मात्र ते काँटेंटकंट्रोलचं वेष्टण दर रकान्याला नव्यानं गुंडाळावं लागतं.

मला त्याहून आवडतो तो आपला स्वतःचा कॉलम. साध्या टेक्स्ट कॉलमला बाइंडिंग नावाची प्रॉपर्टी असते, टेम्प्लेट कॉलमला नसते. सगळं दुखणं इथलं. तेव्हा डेटाग्रिडबाउंडकॉलम या वर्गापासून आपला वर्ग काढायचा, त्याला टेम्प्लेटची प्रॉपर्टी द्यायची, आणि जनरेटएलिमेंट या मेथडमध्ये तोच काँटेंटकंट्रोल तयार करून कॉलमचं बाइंडिंग त्याच्या गळ्यात घालायचं. झॅमलमध्ये मग दर रकान्याला एक ओळ पुरते.

वर दोन गोष्टी फुकट मिळतात, आणि त्यांचं मोल टेम्प्लेट कॉलमने छळलेल्यालाच कळेल. टेम्प्लेट कॉलमच्या डोक्यावर कितीही क्लिक करा, सॉर्टमेंबरपाथ सांगितल्याशिवाय तो ढिम्म हलत नाही. ओळी कॉपी करून एक्सेलमध्ये टाकल्या, तर नेमका तोच रकाना कोरा उतरतो, आणि नेमका तोच लेखापालाला हवा असतो. आपल्या कॉलमला स्वतःचं बाइंडिंग असल्यामुळे तो क्रमही लावतो आणि आकडाही देतो.

काही दिवस सुखाचे जातात. मग तूट दाखवणाऱ्या रकान्यात बाण नको असतो, म्हणून वर्गात एक प्रॉपर्टी येते. कुणाला दशांश हवे असतात, दुसरी येते. "यात टूलटिप घालू का?" "घाल, पण सक्तीची करू नकोस." तिसरी. असं होता होता एके दिवशी नवा आलेला मुलगा ती फाइल उघडतो, वरपासून खालपर्यंत वाचतो, कुणाला काही न विचारता अख्ख्या वर्गाची नक्कल करतो आणि नावापुढे २ लावतो.