कुजबुजीची मात्रा

वाशिंदच्या फलाटावर आषाढसरी पत्र्यावर फुकट ताशा वाजवीत असता, कसारा लोकलची वाट पाहणारे सद्गृहस्थ कानांत बोंडे खुपसून परमुलखातल्या पावसाचे ध्वनिमुद्रण श्रवण करतात, ही शहापूर तालुक्याची प्रगतीच म्हणावयाची. २०१० साली ‘एएसएमआर’ असे नामकरण झालेल्या या उपचारात कुजबूज, कागदाची चुरचूर, नखांची टकटक यांनी काहींच्या टाळूपासून मानेपर्यंत सुखद शिरशिरी उतरते. अशा श्रोत्यांची नाडी मिनिटाला सरासरी तीन ठोक्यांनी मंदावते, असा दाखला शेफील्ड विद्यापीठाने २०१८ साली दिला आहे. घरी सुपात तांदूळ पाखडल्याची सळसळ मात्र त्यांस कटकट वाटते. कारण तिच्यामागोमाग ‘अरे, ते पोते उचल’ असा हुकूम सुटतो, आणि विकतची कुजबूज कसलेही काम सांगत नाही.