रक्ताचं माणूस मागणाऱ्या रकान्यास

‘रुग्णाशी नाते’ या रकान्या,

पत्राच्या सुरुवातीला ‘सप्रेम नमस्कार, विनंती विशेष’ लिहायची आपल्याकडे रीत आहे. तुझ्याविषयी प्रेम नाही आणि विनंत्या करून झाल्या आहेत, म्हणून थेट मुद्द्यावर येते.

भरतीच्या अर्जावर तू असतोस, ऑपरेशनच्या संमतिपत्रावर असतोस, केमोच्या फाइलवर असतोस. दिसायला दोन बोटं रिकामी जागा. त्या जागेत आई, बाप, भाऊ, नवरा, बायको आणि मुलं एवढीच माणसं बसू शकतात, असं तू परस्पर ठरवून टाकलंस. त्यापायी खेड्यापाड्यातून आलेले किती समलिंगी आणि तृतीयपंथी कर्करुग्ण खिडकीवरूनच माघारी गेले, याची नोंद कुठल्याही रजिस्टरात नाही. ती नोंद ठेवायला तूच लागतोस आणि तू तर त्यांना ओळखतच नाहीस.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याहून आलेल्या दोघींना तू अडवलंस, तेव्हा मी शेजारी उभी होते. चाळिशी ओलांडलेल्या दोघी, कित्येक वर्षं एका खोलीत संसार केलेल्या. एकीला गर्भाशयमुखाचा कॅन्सर. बायोप्सीचा रिपोर्ट साडीच्या दुकानाच्या पिशवीत, पाऊस लागू नये म्हणून वरून आणखी एक प्लॅस्टिक गुंडाळलेलं. दुसरीच्या खांद्याला भाकरीचा डबा आणि हातात पावत्यांचा गठ्ठा, तारखेनुसार लावून टाचलेला. हिमोग्लोबिन किती होतं, कोणत्या गोळीनं उलटी होते, शेवटचं रक्त कधी चढवलं, हे डॉक्टरांनी विचारलं की उत्तर हीच देत होती. मग अर्ज आला. तुझ्यापाशी येऊन तिचं पेन थांबलं. थोडा विचार करून तिनं लिहिलं, ‘मैत्रीण’. खिडकीतून अर्ज परत आला. “मैत्रीण चालत नाही. घरचं कोणी आणा, रक्ताचं.”

रक्ताचा होता तो एक भाऊ. त्यानंच या दोघींना गावातून बाहेर काढलं होतं. त्याला फोन करावा लागला. तो आठवड्यानं आला, सही केली आणि सहीची किंमतही वसूल केली: ती दुसरी बाई वॉर्डात दिसायची नाही. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला रोज बाहेरून रेडिएशन, आठवड्यातून एकदा केमो आणि मग आतून रेडिएशन असा उपचार असतो. हे सगळं आठ आठवड्यांच्या आत पुरं व्हावं लागतं. खंड पडला की बरं होण्याची शक्यता घटते. भावाची पेरणी आली. न्यायला-आणायला कोणी उरलं नाही आणि रेडिएशन मध्येच बंद पडलं. ज्या बाईनं एक दिवस चुकू दिला नसता, ती एसटी स्टँडवर बसून कुणाकुणाकडून निरोप काढत होती. तो खंड तू पाडलास.

आणि हे सगळं कायद्यानं करावं लागतं, असा तुझा दरारा आहे. तो खोटा आहे. सर्वोच्च न्यायालयानं १६ जानेवारी २००८ रोजी समीरा कोहली यांच्या खटल्यात निकाल दिला. ४४ वर्षांची अविवाहित रुग्ण भुलीखाली असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईची संमती घेतली आणि तिचं गर्भाशय व अंडाशयं काढली. सज्ञान, शुद्धीत येऊ शकणाऱ्या रुग्णाच्या वतीनं आईलाही संमती देता येत नाही, असं न्यायालयानं स्वच्छ सांगितलं. आईची सही जिथे चालत नाही, तिथे शुद्धीत समोर उभ्या असलेल्या बाईसाठी तू भावाची सही कशाच्या जोरावर मागतोस? डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांत संमती कुणाची घ्यावी हे लिहिलं आहे: पती किंवा पत्नी, रुग्ण अज्ञान असेल तर पालक, किंवा स्वतः रुग्ण. शेवटचे दोन शब्द तुला वाचता येत नाहीत.

रुग्णालयाची भीती मला समजते. शुद्ध हरपली तर कुणाला विचारायचं, बिल कोण भरणार, काही बरंवाईट झालं तर उद्या दहा जण येऊन काचा फोडतील. हे घडतं आणि त्यात डॉक्टर मार खातात. पण यावरचा उपाय आपल्याच देशाच्या कायद्यात आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चं कलम १४ वाच. कोणीही सज्ञान माणूस साध्या कागदावर सही करून किंवा अंगठा उठवून आपला प्रतिनिधी नेमू शकतो, आणि त्यासाठी रक्ताचं नातं लागत नाही. त्याच कायद्यानं लैंगिक कलावरून भेदभाव करायलाही मनाई केली आहे. मनाच्या आजारात माणसाला आपलं माणूस निवडता येतं. तेच माणूस कॅन्सर घेऊन आलं की त्याची निवड तू रद्द करतोस.

लग्नाचा दाखला आणा, असंही तुझे लोक सुनावतात. सर्वोच्च न्यायालयाच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालानं समलिंगी जोडप्यांना लग्नाचा हक्क मिळाला नाही, मग दाखला आणायचा कुठून? त्यानंतर २०२४ मध्ये केंद्र सरकारनं राज्यांना पत्रं पाठवली. रेशन कार्डासाठी अशा जोडीदारांना एकाच घरातले मानावं. आणि जवळचे नातेवाईक नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा. म्हणजे शवागाराच्या दारात जोडीदार चालेल असं सरकारनं लिहून दिलं आणि वॉर्डाच्या दारात तू त्याला उभा करत नाहीस. मे २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं स्वतः निवडलेल्या माणसांचं कुटुंबही कुटुंबच, हे मान्य केलं. तुझ्यापर्यंत अजून काही पोचलेलं नाही.

तृतीयपंथीयांच्या बाबतीत तर तुझा सख्खा भाऊ, ‘लिंग’ नावाचा रकाना, तुझ्या मदतीला येतो. त्यांच्या घराण्यात चेल्याला दवाखान्यात आणतो तो गुरू. वेळेला हातातल्या पाटल्या मोडतो तोही गुरूच. तुझ्याकडे गुरूला जागा नाही. आणि तुझा भाऊ विचारतो, पुरुषांच्या वॉर्डात टाकू की बायकांच्या? २०२२ मध्ये तृतीयपंथी व्यक्तींसाठी आयुष्मान भारतमधून वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची योजना जाहीर झाली, पण तिच्यासाठी ओळखपत्र लागतं, आणि गाव सोडून आलेल्या माणसाकडे बऱ्याचदा जुन्या नावाचं रेशन कार्डसुद्धा नसतं. शिवाय शरीराला रकाने कळत नाहीत. लिंगबदलाच्या शस्त्रक्रियेत प्रोस्टेट सहसा काढत नाहीत. पुढे बाई म्हणून जगणाऱ्या त्या व्यक्तीला प्रोस्टेटचा कॅन्सर होऊ शकतो. पुरुष म्हणून जगणाऱ्याचं गर्भाशय काढलेलं नसेल, तर त्याला गर्भाशयमुखाचा होऊ शकतो. तो दाढीमिशीवाला माणूस ग्रामीण रुग्णालयात स्त्रीरोग विभागाच्या रांगेत बायकांमध्ये जाऊन उभा राहील, असं तुझ्या भावाला खरंच वाटतं का?

आमच्या ग्रामीण भागाला कॅन्सरचं काही कळत नाही, असं म्हणून तुला सुटता यायचं नाही. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये बार्शीला सुरू झाली, आणि माणसं दवाखान्यात येत नाहीत म्हणून कार्यकर्ते गावोगाव फिरले. शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १ लाख ३१ हजार स्त्रियांना घेऊन अभ्यास झाला. आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही या विषाणूच्या तपासणीनंही गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे २००९ मध्ये जगाला या जिल्ह्यानं दाखवलं. या तपासणीचा नमुना आता ज्याचा त्याला स्वतः घेता येतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये त्याला मान्यता दिली आहे. आशाताईनं नमुना घ्यायची कांडी घरी नेऊन दिली, तर कुणाला कुठल्याच रांगेत उभं राहायला नको.

पण आशाताईच्या यादीतही गर्भाशयमुखाचे प्रश्न आहेत ते ‘स्त्रियांसाठी’ या मथळ्याखाली. बाई अविवाहित असेल तर तिची आतून तपासणी सहसा होतच नाही. लग्न नाही म्हणजे धोका नाही, असा हिशेब. एचपीव्ही बाईकडून बाईलाही होतो, हे सांगायला त्या बाईनं तोंड उघडावं लागतं, आणि तालुक्यात तोंड उघडणं सोपं नाही. केसपेपर काढणारा शेजारच्या आळीतला, रक्त तपासणारा आतेभावाचा मित्र. शहरात एक दवाखाना नको वाटला तर दुसरा असतो. इथे सकाळी सांगितलेलं संध्याकाळी पारावर असतं. म्हणून माणसं गाठ लपवतात, रक्तस्राव लपवतात, आणि अंगात त्राण नसताना खोटी मावसबहीण, खोटा चुलतभाऊ उभा करून तुझ्यापुढे येतात. मी स्वतः अनेकांना तसं लिहायला सांगितलंय, कारण उपचार महत्त्वाचे होते. आता कुणालाही तसं सांगणार नाही.

तुला काय करायचं ते ऐक. ‘रुग्णाशी नाते’ खोडून तिथे ‘रुग्णाने नेमलेली व्यक्ती’ लिही, खाली तिचा फोन नंबर, आणि त्याखाली रुग्णाची सही किंवा अंगठा. नवे अर्ज छापून येईपर्यंत रबरी शिक्का मारला तरी चालेल. नेमलेल्या माणसाला वॉर्डात राहू दे, डॉक्टरांशी बोलू दे, फाइल हातात घेऊ दे. नाव, नातं आणि आजार यांतलं काहीही खिडकीतून मोठ्यानं ओरडायचं नाही.

सोमवारी मी पुन्हा त्याच खिडकीवर येतेय. बरोबर दोघं पुरुष असतील. एकाला तोंडाचा कॅन्सर आहे आणि दुसरा त्याच्या अर्जावर तुझ्यासमोरच्या जागेत ‘जोडीदार’ असं लिहिणार आहे. अर्ज परत करणार असशील तर कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली, ते शिक्का मारून लेखी दे.

– रुग्णांसोबत येणारी एक कार्यकर्ती