पानं न गाळणारं झाड पाहिजे

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीला सावलीचं झाड हवं आहे. अट एवढीच, की त्याची पानं गळू नयेत. फळ नको, गाडीच्या टपावर पडतं. पक्षी नकोत, कारण त्यांचंही टपावरच पडतं. मुळं खोल जाऊ नयेत, खाली पार्किंग आहे. पसरू नयेत, शेजारी पाण्याची टाकी आहे. आणि उंची दुसऱ्या मजल्याच्या वर नको. तिसऱ्या मजल्यापासून येऊरचे डोंगर दिसतात आणि त्या दिसण्याचे पैसे बिल्डरनं चौरस फुटावर मोजून घेतलेत.

सर्वसाधारण सभेत यावर चर्चा झाली. जांभूळ म्हणताच पांढऱ्या गाडीवाले उठून उभे राहिले. सातवीण सुचवली, तर तिच्या वासानं दिवाळीत डोकं उठतं म्हणून महिला मंडळानं ती हाणून पाडली. करंजाचं नाव माळ्यानं घेतलं. ऐन उन्हाळ्यात नवी पालवी फुटते, पाणी फार मागत नाही, सावली गच्च. पण माळी सभासद नसल्यामुळे इतिवृत्तात त्याची नोंद नाही. शेवटी बहावा एकमतानं मंजूर झाला, कारण तो फोटोत छान येतो. फुलतो तेव्हा त्याच्या अंगावर पान जवळजवळ नसतं, म्हणजे मे महिन्यात त्याच्याखाली उभं राहून वर बघत फक्त घाम पुसायचा, हा तपशील विषयपत्रिकेत नव्हता.

गुलमोहर मात्र स्वदेशीच्या मुद्द्यावर पडला. तो मूळचा मादागास्करचा. परकं झाड आपल्या मातीत नको, असं चेअरमनसाहेब टाळ्यांच्या कडकडाटात म्हणाले आणि पुढच्याच ठरावात गेटवर दोन्ही बाजूंना बॉटल पाम लावायचं ठरलं. हा पाम मॉरिशसचा. त्याच्या सावलीत एक छत्री मावते, मिटलेली.

लावण्यात आपण मागे नाही, हे मान्य करायला हवं. कन्हैयालाल मुन्शींनी 1950 मध्ये वनमहोत्सव सुरू केला, तेव्हापासून जुलै आला की खड्डे होतात. (रस्त्यातले वेगळे.) राज्य सरकारचं वृक्षलागवडीचं उद्दिष्ट 2016 मध्ये 2 कोटी होतं, मग 4, मग 13 आणि 2019 मध्ये 33 कोटी. वाढ म्हणतात ती ही. आमच्याही सोसायटीनं त्यात वाटा उचलला. रोप गुडघ्याएवढं, बॅनर पहिल्या मजल्याएवढा. खड्डा खणला तर बांधकामाचा राडारोडा लागला, म्हणून वीतभरच खणला. रोपाची काळी पिशवी काढली नाही, पाहुण्यांचे हात मळले असते. त्यानंतरचे दोन-तीन उन्हाळे पाणी कोण घालणार, हे ठरवायला उपसमिती नेमली. उपसमितीची बैठक पावसाळ्यात होते. रोप गेलं, पण देणगीदाराच्या नावाचा लोखंडी पिंजरा आजही दिमाखात उभा आहे. दरवर्षी आम्ही त्याला रंग देतो.

खरं म्हणजे आमच्याकडे झाड होतं. सोसायटीच्या आधीपासूनचा पर्जन्यवृक्ष, कंपाउंडच्या कोपऱ्यात. त्याच्याखाली गाडी लावायला मिळावी म्हणून दोन कुटुंबांत अबोला होता. मग त्याच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवले, कारण मातीनं चपला खराब होतात. केबलसाठी चर खणताना आड येणारी मुळं तोडली. इमारतीच्या बाजूच्या फांद्या डासांसाठी छाटल्या, रस्त्याच्या बाजूच्या तशाच ठेवल्या. पाणी मुरेना, एका अंगाला आधार उरला नाही, दुसऱ्या अंगाला सगळा भार. झाड कललं, तसं सगळ्यांच्या लक्षात आलं की झाडं किती धोकादायक असतात.

परवानगीवाचून झाड तोडता येत नाही, हे सेक्रेटरींना पाठ आहे. नागरी भागातल्या झाडांसाठी राज्याचा 1975 चा कायदाच आहे. त्यात झाडाला कुठल्याही प्रकारे इजा करणं हेसुद्धा तोडण्यातच धरलं आहे, पण व्याख्यांचं पान कोण वाचतं? 2021 च्या दुरुस्तीनं पन्नाशी गाठलेल्या झाडाला वारसा वृक्षाचा मान दिला आणि ते तोडायचं तर त्याच्या वयाइतकी झाडं लावायची असं सांगितलं. आमच्या झाडाला पन्नास भरायला थोडा अवकाश होता. एका पावसाळी रात्री ते आपणहून आडवं झालं आणि कमिटीचा अर्ज करण्याचा त्रास वाचवून गेलं. दोन गाड्या चेपल्या. शोकसभा गाड्यांसाठी झाली.

आता त्या जागेवर पत्र्याची शेड आहे. पत्रा पान गाळत नाही, त्याला फळ धरत नाही, आणि कबुतरं बसतात त्यांचं काय करायचं ते पुढच्या सभेत येणार आहे. पहिल्या मजल्यावरच्या तिघांनी तेवढं लेखी कळवलंय, की दुपारी पत्रा तापतो आणि त्याची धग थेट खिडकीतून आत येते. तरी पत्र्यावर थोडी सावली होईल असं काहीतरी करावं. कमिटीनं अर्ज सहानुभूतीपूर्वक शेडच्या ठेकेदाराकडे पाठवला. त्यानं हिरव्या जाळीचं कोटेशन दिलंय. जीएसटी वेगळा.