सुवॉनकर

परदेशात राहून आलेला माणूस तुमच्याही सोसायटीत असेलच. पूर्वी तो अमेरिकेहून यायचा आणि नळाच्या पाण्याकडे संशयानं बघायचा. मग तो दुबईहून यायला लागला आणि रस्त्यातल्या खड्ड्यांवर बोलू लागला. आता तो कोरियाहून येतो आणि तडक हॉटेलात शिरतो.

काशीमीऱ्यात आमच्या वाट्याला आलेला मिलिंद म्हात्रे हा या जातीचा. सॅमसंगला सुटे भाग पुरवणाऱ्या एका कंपनीनं त्याला काही वर्षं सुवॉनला ठेवलं. तो परत आला आणि सोसायटीनं एकमतानं त्याचं आडनाव बदललं. एकमतानं झालेला आमच्या सोसायटीतला तो एकमेव ठराव. सोलच्या दक्षिणेचं हे शहर सॅमसंगच्या मुख्यालयासाठी, अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या तटबंदीसाठी आणि निखाऱ्यावर भाजलेल्या बरगड्यांसाठी प्रसिद्ध आहे. सुवॉनकर यातल्या कशावरच बोलत नाही. तो बानचानवर बोलतो.

बानचान म्हणजे कोरियन जेवणात टेबलावर मांडल्या जाणाऱ्या छोट्या वाट्या. किमची, मुळा, मोड आलेलं सोयाबीन, तिळाच्या तेलातला पालक, असलंच काहीबाही. "मागवायच्या नाहीत, आपोआप येतात," सुवॉनकर सांगतो. "संपल्या की पुन्हा भरून देतात. फुकट." शेवटच्या शब्दाला तो आवाज खाली आणतो आणि क्षणभर डोळे मिटतो.

हायवेवरच्या ढाब्यावर आम्ही दाल तडका मागवला की वेटर कांदा-लिंबाची बशी आणून ठेवतो. आपण ती बघतही नाही. सुवॉनकर बघतो. ती रिकामी करतो, वर धरतो आणि पुन्हा भरून येईपर्यंत खाली ठेवत नाही. आली की आमच्याकडे वळून, "बघा, संस्कृती आहे आपल्याकडे. फक्त जाणीव नाही." तिसऱ्या बशीनंतर वेटरला जाणीव होते आणि तो आमच्या टेबलाकडे यायचं बंद करतो.

लग्नात तर विचारूच नका. पानाच्या डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं वाढलं जात असताना त्याचा चेहरा उजळतो. माझ्या मेहुणीच्या लग्नात वाढप्याला थांबवून त्यानं त्याच्याच कोशिंबिरीचं महत्त्व त्याला समजावलं. पंगत खोळंबली. मुलीकडचे एक काका "मुलाकडचे दिसतात" असं पुटपुटले आणि मुलाकडच्यांनी तो आरोप जागच्या जागी फेटाळला.

पण सुवॉनकरचं खरं रूप बघायचं तर त्याच्याबरोबर मुंबईतल्या कोरियन हॉटेलात जावं लागतं. हे तो सक्तीनं घडवून आणतो. ऑक्टोबर 2024 मध्ये दहिसरच्या नाक्यावर छोट्या गाड्यांचा टोल माफ झाला, तेव्हा त्यानं हा सरकारचा कोरियन जेवणाला दिलेला पाठिंबा मानला. टोल गेला, गर्दी राहिली. त्या गर्दीत आमची शिकवणी सुरू होते. वडीलधाऱ्यानं चमचा उचलल्याशिवाय कुणी जेवायचं नाही. स्वतःचा पेला स्वतः भरायचा नाही, दुसऱ्याचा भरायचा, तोही दोन्ही हातांनी. भातात काड्या उभ्या खोचायच्या नाहीत, ते मयताला करतात. मांस सुरीनं कापायचं नाही, कात्रीनं. अंधेरी येईपर्यंत आमची भूक आदरानं मरून गेलेली असते.

आत गेल्यावर तो वाट्या मोजतो. चार असल्या तर सुस्कारा सोडतो. सहा असल्या तर मालकाची चौकशी करतो. मग किमची संपवून पुन्हा मागवतो. एकदा पोरसवदा वेटर नम्रपणे म्हणाला, "सर, एक्स्ट्रा किमची चार्जेबल आहे." मी माणसांना नोकरी गेल्याची बातमी ऐकताना पाहिलं आहे, ती यापेक्षा शांतपणे घेतात. मॅनेजर आला. सुवॉनकरनं त्याला सांगितलं की 2013 मध्ये युनेस्कोनं दक्षिण कोरियाची सामूहिक किमची घालण्याची प्रथा मानवजातीचा वारसा म्हणून नोंदवली आहे, आणि वारशाचे पैसे लावता येत नाहीत. मॅनेजर म्हणाला, "जीएसटी वेगळा आहे, सर."

तरी श्रावणाची गोष्ट राहिलीच. सुवॉनला पहिल्या श्रावणात याला काय खावं कळेना. मग त्यानं हिशेब केला की भात आणि फुकटच्या वाट्या, सगळा पाला तर आहे. महिनाभर किमचीवर निर्जळी नाही तरी निर्मांसाहारी काढली. भाद्रपदात एका सहकाऱ्यानं सहज सांगितलं की किमचीत खारवलेली बारीक कोळंबी असते. म्हणजे जवळाच! याचं आजोळ उत्तनचं. जवळ्याचा वास याला पाळण्यापासून ठाऊक. तो महिनाभर ओळखू कसा आला नाही, असं आईनं फोनवर विचारलं. हा म्हणाला, "फुकट होता ना, आई."

एकदा त्याला गप्प करायचं म्हणून मी वाचून गेलो होतो. म्हटलं, 2010 च्या पावसाळ्यानंतर तुझ्या कोरियात लांबट कोबी इतका महागला, की हॉटेलवाल्यांनी किमची आखडती घेतली. राष्ट्राध्यक्ष ली म्युंग-बाक यांनी जाहीर केलं की माझ्या ताटात आपल्यासारख्या गोल कोबीची किमची वाढा. लोक उखडले, कारण गोल कोबीही तितकाच महाग होता. आपल्याकडे 1998 मध्ये कांद्यानं दिल्लीतलं सरकार घालवलं, त्यांच्याकडे कोबीनं राष्ट्राध्यक्षाची अब्रू घालवली. शिवाय ज्या मिरचीनं किमची लाल होते ती तिकडे पोचली पोर्तुगीजांच्या व्यापारामुळे, आपल्याकडेही त्यांच्यामुळेच. ते पोर्तुगीज इथे खाडीपलीकडे वसईच्या किल्ल्यात बसलेले होते. तेव्हा उगाच ऐट नको. सुवॉनकरनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "कोबी महागला तेव्हासुद्धा मुळा फुकट होता."

त्याचा खरा पराभव पुण्यात झाला. रांजणगावात एलजी जुनी; तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घ्यायचा करार ह्युंदाईनं 2023 मध्ये केला. त्यामुळे पुण्यात संध्याकाळी कोरियन हॉटेलांत खरेखुरे कोरियन जेवताना दिसतात. घरापासून हजारो मैलांवर, कंपनीचं ओळखपत्र अजून गळ्यात, सूपवर मान घालून. आमच्या शेजारच्या टेबलावर असे चौघे होते. सुवॉनकर कमरेत वाकला, त्यांच्या भाषेत काही बोलला, ते हसले. आता बघा, असं त्यानं आम्हाला खुणावलं. त्यांच्यातल्या एकानं रिकामी वाटी दाखवून किमची मागितली. आली. बिल आलं. त्यात किमची लावलेली होती आणि त्या माणसानं निमूट पैसे दिले. सुवॉनकर ताम्हिणीपर्यंत बोलला नाही, आणि आम्हाला तर ताम्हिणीवरून यायचंच नव्हतं. तो रस्ता चुकला होता.

त्या रात्री गाडीत त्यानं पहिल्यांदा वाट्यांखेरीज काही सांगितलं. तिकडे मांस भाजून खायच्या हॉटेलांत बऱ्याच ठिकाणी एकट्याला जेवण मिळत नाही. कमीत कमी दोन माणसांचं मागवावं लागतं. दारात गेलं की बाई दोन बोटं वर करायची, हा एक बोट वर करायचा, ती मान हलवायची. बायको-मुलगी काशीमीऱ्यात, सहकारी आपापल्या घरी. शेवटी एका ठिकाणी तो दोघांचं मागवून एकटा जेवू लागला. समोर दुसऱ्या माणसाचा चमचा, काड्या आणि पेला मांडलेला असायचा. ती म्हातारी मालकीण जाता-येता, न मागता, त्याच्या वाट्या भरून जायची. दिवसभरात ऑफिसच्या कामाखेरीज कुणी त्याच्याकडे पाहिलं असेल तर तेवढंच. हे सांगताना 'फुकट' हा शब्द त्यानं एकदाही वापरला नाही.

आणखी एक सांगायला हवं, मनात नसलं तरी. तिकडच्या रिवाजाप्रमाणे जो वयानं मोठा तो बिल देतो. आमच्यात सुवॉनकर थोडा मोठा आहे. किमचीच्या दीडशे रुपयांसाठी युनेस्कोला मध्ये आणणारा हा माणूस अख्ख्या टेबलाचं बिल दोन्ही हातांनी कार्ड पुढे करून भरतो आणि आमचे हात खिशापर्यंत जाऊ देत नाही. आमचे हात तसे फार वेगानं जात नाहीत, हेही खरं.

त्यांच्याकडे एकटा आला तर वाढत नाहीत. आपल्याकडे थाळीच्या हॉटेलात पाटी असते, 'एका थाळीत दोघांनी जेवू नये.' तळेगावच्या कामावर आलेला एखादा किम किंवा पार्क पुण्यात त्या पाटीखाली एकटाच बसत असेल. कुणी त्याला हाकलत नसेल, आणि वाढपी न विचारता ताटात पुऱ्या टाकत जात असेल. दोन-तीन वर्षांनी तो मायदेशी परतेल. सोसायटीतले लोक त्याचं आडनाव बदलून पुणेकर ठेवतील. आणि सुवॉनच्या कुठल्यातरी हॉटेलात, कंटाळलेल्या मित्रांना टेबलाशी धरून ठेवत, आवाज खाली आणून तो सांगेल की तिकडे पुरी संपली की पुन्हा वाढतात, नको म्हटलं तरी वाढतात, आणि वर रागावतात.